मेलवरची सही नेमकी कोणाची?

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला, 'बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा.' मेलवर डिजिटल सही असते म्हणतात. ती पाहून खरं-खोटं कळतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कळतं, पण अर्धंच. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडा आणि पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबा. 'साइन्ड-बाय' या ओळीत जे डोमेन (मेल पत्त्यात @ नंतर असतं तसं नाव) दिसतं, त्याच्या नावाने मेलवर सही झालेली असते. तिला डीकेआयएम म्हणतात. पाठवणारा सर्व्हर गुप्त किल्लीने सही करतो, तिची जोडीची उघड किल्ली त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत, असते आणि जीमेल ती आणून सही पडताळतं. वाटेत खाते क्रमांकाचा एक आकडा जरी बदलला, तरी सही जुळत नाही.

पण ही सही डोमेनची असते, माणसाची नव्हे. ठगाने स्वतःचं डोमेन विकत घेतलं, तर त्याचीही सही रीतसर जुळते. म्हणून जुन्या बिलाचा मेल शेजारी उघडून डोमेन अक्षरन् अक्षर ताडून पाहा. इंग्रजी आर आणि एन चिकटून आले की मोबाइलवर एम वाटतो. नजर तिथेच फसते. डोमेन उजवीकडून वाचा. सुरुवातीला ओळखीचं नाव आणि शेवटी भलतंच काही असेल, तर मेल त्या भलत्याचाच. पुरवठादार साधं जीमेल वापरत असेल, तर सहीही जीमेलचीच दिसेल. त्यावरून तो कोण, हे कळणार नाही.

उलट, सही नाही म्हणजे मेल खोटाच, असंही नाही. वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने खाली तळटीप जोडली तरी सही तुटते.

सगळ्यात घातक प्रकार वेगळा आहे. पुरवठादाराचा मेलबॉक्सच कोणी फोडला असेल, तर डोमेन आणि सही दोन्ही खरी निघतील. त्यामुळे खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नको. पैसे गेलेच असतील, तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच क्षणी कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, उशीर झाला की हाती लागणं अवघड.

प्रश्न : आमच्या द्राक्ष निर्यात फर्मच्या नावाने ग्राहकांना खोटे मेल जाऊ नयेत म्हणून काय करावं?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : डोमेन स्वतःचं हवं. त्याच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात : एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (वरच्या उत्तरातली सही) आणि डीमार्क (या तपासणीत न टिकणाऱ्या मेलचं काय करायचं, ही सूचना). गुगल वर्कस्पेस (गुगलची व्यवसायांसाठीची मेल सेवा) असेल, तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये २०४८ बिटची किल्ली तयार करा, डीएनएसमध्ये तिची टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाका आणि परत येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबा. हे शेवटचं बटण बरेच जण विसरतात, आणि डोमेनची सही लागतच नाही. एसपीएफची नोंद एकच ठेवा. दोन झाल्या की तपासणी चुकते.

डीमार्क आधी 'नन'वर (काहीच अडवू नका) ठेवून तुमच्या नावाने कुठून मेल गेले, याचे अहवाल काही आठवडे पाहा. बिलिंग सॉफ्टवेअर बाहेरच्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर ते इथे सापडतं. ते दुरुस्त करून मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी 'रिजेक्ट' (मेल नाकारा) करा. थेट 'रिजेक्ट' केलंत, तर तुमचीच बिलं परत येतील. मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या डोमेनला मात्र डीमार्क अडवत नाही. त्यासाठी प्रत्येक बिलावर छापा : 'आमचं बँक खातं बदलल्याचं आम्ही मेलवर कधीच कळवत नाही.'