रेघेतला वेळ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चाळीस सेकंदांची फिल्म काल रात्री सहा वेळा पाहिली. काळ्या पडद्यावर 'एइ' हे जपानी अक्षर उजळतं, त्याच्या टोकांतून शाई धुरासारखी उठते, शेवटी गुलाबी पाकळ्या पडतात. सॉफ्टवेअरवर तुझा हात चांगला बसला आहे. मी अडलो ते अक्षर येतं तिथे. ते सगळीकडून एकदम येतं. ब्रश कुठे टेकला, कुठे रेंगाळला, कुठून सुटला, काहीच दिसत नाही. तू आकार घेतलास आणि तो घडायला लागलेला वेळ मागेच राहिला.

'एइ' म्हणजे अनंतकाळ. शोदो, म्हणजे जपानी सुलेखन, शिकणारे पिढ्यान्‌पिढ्या हे अक्षर गिरवत आले आहेत, कारण ब्रशचे आठ मूळ फटकारे या एकाच अक्षरात सापडतात. 'एइजी हाप्पो' म्हणतात त्याला. रेघ संपवायच्याच तीन रीती बघ. तोमे म्हणजे दाबून थांबणं. हाने म्हणजे थांबून झटक्यात उचलणं. हराई म्हणजे दाब कमी करत करत ब्रश कागदावरून निसटू देणं. तुझ्या अक्षराची टोकं सारखीच दिसतात. ते फॉन्टवरून उचललं असावंस.

मीही एकदा हेच केलं होतं, म्हणून सांगतो. एका पोस्टरसाठी मी जपानी अक्षर नुसतं बघून रंगवलं आणि पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवलं. त्यांनी ते बोटाने हवेत लिहिलं, मग माझ्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, "ही रेघ तुम्ही आधी काढलीत, ती नंतर येते." पूर्ण झालेल्या, वाळलेल्या अक्षरात त्यांना क्रम दिसत होता. त्या दिवसापासून मी अक्षराकडे चित्र म्हणून पाहू शकलेलो नाही.

तुझी अडचण आणखी एक आहे. तू देवनागरी बोरूने शिकलीस. बोरूला काप असतो, रेघेची जाडी तो कोणत्या कोनात धरलास त्यावर ठरते. फुदेला, म्हणजे जपानी ब्रशला, काप नाही. टोकदार केसांचा झुबका असतो, त्यात जाडी दाबावर ठरते. म्हणजे तिथे हात खाली-वरही चालतो, नुसता आडवा-उभा नाही. शिवाय वळण घेतलं की झुबका वाकलेलाच राहतो. पुढची रेघ त्या वाकलेपणासकट सुरू होते. टॅब्लेटचं पेन कडक टोकाचं. त्याला आधीच्या रेघेची आठवण नसते. ती तुला पुरवावी लागेल.

हे कोडं जुनं आहे. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्टीव्ह स्ट्रासमनने संगणकावर सुमी-ए, म्हणजे जपानी शाईच्या चित्रांचा ब्रश घडवला, तेव्हा त्याने ब्रश म्हणजे केसांची एक रांग मानली आणि प्रत्येक केसाला त्याची त्याची शाई दिली. केसांमधली शाई संपत आली की रेघ विरळ होत जाते, मधून कागद दिसू लागतो. शोदोमध्ये याला कासुरे म्हणतात. उलट ओल्या ब्रशने थांबलीस की शाई कागदात पसरते, ती निजिमी. काच शाई पीत नाही, म्हणून तुझ्या पडद्यावर थांबण्याला काही अर्थच उरलेला नाही. तो अर्थ तूच दे: जितका वेळ पेन थांबलं तितकी शाई पसरू दे, वेग वाढला की रेघ कोरडी पडू दे. तो धूर मात्र काढून टाक. त्याला हाताचं कारण नाही. पाकळ्याही काढ.

टोकियोच्या टीमलॅब या डिजिटल कला करणाऱ्या गटाचं काम नीट बघ. 2001 पासून ही मंडळी काम करताहेत. त्यांच्या 'अवकाश-सुलेखना'त ब्रशच्या वाटेची खोली, वेग आणि जोर त्रिमितीत उभा केलेला असतो, त्यामुळे अक्षराला वळसा घालून ते मागून पाहता येतं. 2011 मध्ये सुलेखनकार शिश्यू यांच्यासोबत त्यांनी 'जगणं' या अर्थाचं अक्षर घेतलं. ते हवेत लिहिलं जातं, त्याचं झाड होतं आणि त्या झाडावरून ऋतू जातात. झाड त्या अक्षराला शोभतं, कारण रेघ आधी वाढलेली असते, फांदी मग तिच्यातून फुटते. तुझ्या फिल्ममध्ये हाच क्रम मला हवा होता.

आणि पडद्याच्या आधीची माणसंही बघ. सुलेखनकार इनोउए युइची शाळेत शिकवायचे. 1952 मध्ये मोरिता शिर्यू आणि इतरांबरोबर त्यांनी बोकुजिनकाई हा सुलेखनकारांचा गट काढला. 'दारिद्र्य' या अर्थाचं एकच अक्षर त्यांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलं. त्यातली दोन शेजारी ठेवून पाहिलीस तर एक माणूस पाय फाकवून उभा वाटतो, दुसरा निघून जाताना. नव्या माध्यमाची वाट न बघता त्यांनी अक्षर नवं केलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता करायचं काय? ॲपमधलं रेघ गुळगुळीत करणारं सेटिंग, स्टॅबिलायझर, शून्यावर आण. हाताची थरथर तिथेच पुसली जाते. पेनची जागा, दाब, कल आणि क्षण, चारही नोंदी साठव; आकार त्यातून काढता येईल, पण आकारातून वेळ परत काढता येणार नाही. आणि एक महिना 'अन्डू' बंद. शोदोमध्ये काढलेल्या रेघेवरून पुन्हा ब्रश फिरवत नाहीत. चुकलं तर कागद बाजूला ठेवून अख्खं अक्षर पहिल्यापासून लिहितात. तूही तसंच कर, आणि चुकलेल्या फाइली पुसू नकोस, मला त्याही बघायच्या आहेत.

रविवारी सकाळी ये. माझ्याकडे दोन फुदे आहेत, सुमीची, म्हणजे शाईची, एक कांडी आहे. काजळी आणि सरस मिळून होते ती. दगडावर पाणी घालून हळूहळू उगाळावी लागते. येताना जुनी वर्तमानपत्रं आण, भरपूर. लॅपटॉप घरी ठेव. आधी फक्त आडवी रेघ काढू.

तुझे,
सर