फुंकायचं मशीन, लघवीची किट आणि कामगाराची नोकरी

या अंकासाठी कुपवाड, सातारा, कराड, वाळवा आणि मिरज इथून आलेल्या पत्रांत एकच विषय होता: कामावर येणाऱ्या माणसाची दारूची किंवा अमली पदार्थांची तपासणी. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. गेटवर ठेवायला स्वस्तातले श्वास तपासणीचे मशीन घेतले. एकाच माणसाचे तीन वेळा तीन आकडे येतात. परवा तर एका माळकरी कामगारालाही त्याने आकडा दाखवला. मशीन बिघडले आहे का?

मशीन बिघडलेले नसेल, मुळातच या कामाचे नसेल. स्वस्त मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो. त्याला अल्कोहोल नेमके ओळखता येत नाही. बिडीचा धूर, थिनरचा वास, मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाच्या श्वासातले अॅसिटोन, या सगळ्याला तो थोडाफार प्रतिसाद देतो. गेटवर फ्युएल सेल सेन्सरचे, म्हणजे अल्कोहोलच्या रासायनिक क्रियेवर चालणारे मशीन लागते. ते महाग पडते, पण अॅसिटोनला फसत नाही. शक्यतो प्रिंटर जोडलेले घ्या, म्हणजे तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक आणि आकडा कागदावर येतो.

मात्र तुमच्यासारख्या फाउंड्रीत फ्युएल सेललाही एक अडचण येते. साच्याला आणि कोअरला लावायचे बरेचसे कोटिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवलेले असते, आणि त्या अल्कोहोलला फ्युएल सेलही प्रतिसाद देतो. कोटिंगच्या जागेवरून उठून आलेल्या माणसाच्या कपड्यांना, हातांना तो वास असतो. हातावर नुकताच चोळलेला सॅनिटायझरही तेच करतो. म्हणून तपासणी शॉपमध्ये नको, मोकळ्या हवेच्या खोलीत घ्या. हात साबणाने धुवायला लावा, सॅनिटायझर त्या टेबलावर ठेवूच नका. प्रत्येक माणसाआधी नुसत्या हवेवर मशीन चालवून शून्य आले का ते पाहा. शून्य येत नसेल तर खोलीची हवा बदला किंवा आधीच्या चाचणीनंतर सेन्सर निवळू द्या.

आकडे मागेपुढे होण्याचे नेहमीचे कारण तोंडात उरलेले अल्कोहोल. घोट घेतल्यावर, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरल्यावर किंवा ढेकर, उलटी झाल्यावर काही मिनिटे तोंडातच वाफ असते आणि आकडा भलताच वर जातो. उपाय बिनखर्चाचा आहे. माणसाला पाण्याने चूळ भरायला लावा, तंबाखू थुंकायला सांगा आणि पूर्ण १५ मिनिटे नजरेसमोर बसवा. या वेळात खाणे, पिणे, बिडी काही नाही. मग नवी फुंकणी लावून चाचणी घ्या. एकाची फुंकणी दुसऱ्याला कधीही देऊ नका. फुंक ४ ते ५ सेकंद एकसारखी हवी. श्वास रोखून धरून फुंकले तर आकडा वाढतो, आधी भराभर श्वास घेतले तर उतरतो. पहिला आकडा मर्यादेवर आला तर पुन्हा १५ मिनिटे थांबून दुसरा घ्या. निर्णय दुसऱ्यावर करायचा, पण कागदावर दोन्ही राहिले पाहिजेत.

कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का याची जुळवणी, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत करून घ्या. बहुतेक मशीनना ते सहा महिन्यांनी लागते. ठरावीक प्रमाणाच्या गॅसवर किंवा ३४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रावणावर मशीन तपासून मिळते, ते प्रमाणपत्र फाइलला लावा. मुदत संपलेल्या मशीनचा आकडा चौकशीत एका प्रश्नात गळून पडतो. उन्हाळ्यात गेटच्या पत्र्याच्या केबिनमध्ये उन्हात मशीन ठेवू नका.

प्रश्न : साताऱ्याच्या एमआयडीसीत एचआर पाहतो. मर्यादा किती ठेवावी? वाहनांची ३० ची मर्यादाच कारखान्याला लावायची का? आणि आदल्या रात्री प्यायलेला माणूस सकाळच्या पाळीला कसा धरायचा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा गाडी चालवणाऱ्यासाठी आहे. कारखान्याने स्वतःची मर्यादा लेखी ठरवायची असते. प्रेस, क्रेन, फर्नेस, फोर्कलिफ्ट, उंचीवरचे काम आणि विजेचे काम यांसाठी शून्य ठेवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मशीनमधली बारीकसारीक चूक धरून १० पर्यंतचा आकडा शून्यात मोजला तर वाद टळतात. ही मर्यादा मॅनेजरपासून कंत्राटी माणसापर्यंत सगळ्यांना सारखी हवी. फक्त कामगारांच्या रांगेत मशीन फिरले तर पुढची सगळी कागदपत्रे कमकुवत होतात.

एककात फार गफलत होते. काही मशीन रक्तातले प्रमाण दाखवतात, काही श्वासातले. रक्तातले १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम म्हणजेच ०.०३ टक्के, आणि श्वासात लिटरला साधारण ०.१४ मिलिग्रॅम. हे सगळे एकच. श्वासाचे ०.१४ वाचून कोणी ते ०.१४ टक्के समजला, तर मर्यादेवरचा माणूस जवळपास पाचपट प्यायलेला ठरतो. मशीनवर कुठले एकक लावले आहे ते मराठीत लिहून वरच चिकटवा.

आता सकाळची पाळी. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे ढोबळमानाने १५ मिलिग्रॅम इतकेच अल्कोहोल उतरवते. काळा चहा, लिंबू, आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. ६५ किलोच्या माणसाने रात्री ११ ते १२ मध्ये ४२.८ टक्के अल्कोहोलच्या दारूची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, संपवली तर त्याच्या पोटात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते आणि रक्तातले प्रमाण १४० च्या आसपास जाऊ शकते. सकाळी ७ ला, आठ तासांनी, त्यातले १२० उतरले तरी २० उरतात. दोन क्वार्टर घेतलेला माणूस त्याच वेळी १५० च्या वर असतो, झोप पूर्ण झाली असली तरी. माणसागणिक यात फरक पडतो, म्हणून हे गणित शिक्षेसाठी वापरू नका, पाळीआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत (टूलबॉक्स मीटिंग) सांगा. ‘रात्रीची सकाळी उतरते’ हा समज आकड्याने लवकर मोडतो. काही प्रयोगशाळा लघवीतल्या इथाइल ग्लुकुरोनाइडची, म्हणजे शरीरात अल्कोहोलपासून तयार होणाऱ्या पदार्थाची चाचणी सुचवतात. तिच्यात दोन-तीन दिवसांपूर्वीचे पिणेही दिसते. माणूस आत्ता कामाला तयार आहे का, हे ती सांगत नाही, त्यामुळे गेटवर तिचा उपयोग नाही.

प्रश्न : कराडमध्ये ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. गाड्या मुंबई-बेंगळुरू लाइनला असतात. ड्रायव्हर गांजा आणि गोळ्या घेतात अशी शंका आहे. मेडिकलमधली लघवीची किट आणून आम्हीच तपासले तर चालेल का?

चाळणी म्हणून चालेल, पण किटच्या निकालावर कोणाला काढू नका.

आधी किट वाचायला शिका. या पट्ट्यांवर रेघ उमटली तर निकाल निगेटिव्ह असतो, आणि रेघ नसली तर पॉझिटिव्ह. घरच्या गरोदरपणाच्या चाचणीच्या हे बरोबर उलटे असल्याने बरेच जण फसतात. अगदी पुसट रेघ आली तरी ती निगेटिव्हच. वरची ‘सी’ची, म्हणजे किट चालते हे दाखवणारी रेघ आली नाही तर किट बाद. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच वाचा, तासाभराने पट्टी पाहून काही ठरवू नका.

नमुना घेताना खरी फसवणूक होते, कारण घरून बाटली आणणे किंवा लघवीत पाणी घालणे सोपे असते. टॉयलेटच्या टाकीत निळा रंग टाका, आतला नळ बंद ठेवा, खिसे आणि पिशवी बाहेर ठेवायला सांगा. पण आत डोकावू नका. लघवी हातात आल्यावर ४ मिनिटांच्या आत कपावरच्या पट्टीवर तापमान पाहा. ते ३२ ते ३८ अंश असायला हवे. एकूण ४५ मिलिलिटर घेऊन त्याचे ३० आणि १५ असे दोन भाग करा. दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर सील करून त्यावर त्याची सही घ्या. दुसरी बाटली त्याच्या हक्काची असते. निकाल त्याला मान्य नसेल तर तीच दुसऱ्या प्रयोगशाळेत जाते. प्रयोगशाळेत क्रिएटिनिन (लघवी किती दाट आहे ते सांगणारा घटक) डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी आले, तर नमुना पातळ झालेला समजून पुन्हा घ्यावा लागतो. उन्हात चार बाटल्या पाणी प्यायलेल्या ड्रायव्हरचेही असे होते, त्यामुळे लगेच संशय घेऊ नका.

अफूवर्गाच्या पट्टीची मर्यादा बऱ्याच किटमध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम असते. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचे अंश असतात. दिवाळीत अनारसे किंवा खसखशीची खीर पोटभर खाल्लेला माणूस या मर्यादेवर सहज पॉझिटिव्ह येऊ शकतो. अमेरिकेत याच कारणाने १९९८ साली ही मर्यादा ३०० वरून २००० केली गेली. कोडीनचे खोकल्याचे औषध घेतलेलाही येथे दिसतो. अॅम्फेटामिनच्या पट्टीवर रॅनिटिडिन ही पित्ताची गोळीसुद्धा खोटा पॉझिटिव्ह देऊ शकते. म्हणून चाचणीआधी गेल्या आठवड्यातली औषधे लिहून घ्या, चिठ्ठीचा फोटो ठेवा. पॉझिटिव्ह नमुन्याची खात्री जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या पदार्थ नेमका ओळखणाऱ्या यंत्रपद्धतीनेच करावी लागते. ही चाचणी एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेच्या व्याप्तीत येते का, हे प्रयोगशाळेला आधीच लेखी विचारा. नुसता बोर्डावरचा एनएबीएल पुरेसा नाही.

गांजाबाबत एक गोष्ट पक्की समजून घ्या. कधीतरी ओढणाऱ्याच्या लघवीत तो एक ते तीन दिवस दिसतो, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही दिसू शकतो. महाशिवरात्रीला घेतलेली भांगही याच पट्टीवर येते. पॉझिटिव्ह निकालावरून त्याने कधीतरी घेतली एवढे कळते, पण खंबाटकी घाटात गाडी चालवताना तो नशेत होता हे सिद्ध होत नाही. निघण्याआधीची तपासणी हवी असेल तर लाळेची चाचणी बरी, तिच्यात साधारण एक दिवसातले सेवन दिसते. तीही चूळ भरून, १० मिनिटे तोंडात काही न घेता करायची. आणि गोळ्यांची शंका असेल तर पॅनेल, म्हणजे किटमधल्या पट्ट्यांचा संच, नीट निवडा. अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळीसाठी बेंझोडायझेपिनची (तिच्या वर्गाची) वेगळी पट्टी लागते. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी अफूच्या नेहमीच्या पट्टीवर दिसतच नाही. पाच पट्ट्यांची किट आणून सगळे निगेटिव्ह आले म्हणून निश्चिंत झालेले मालक पुष्कळ आहेत.

प्रश्न : वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. हंगामात मिलवर, गव्हाणीवर रात्रपाळी असते. एखादा फुंकायला नकार देतो. तोंडाला वास येतो एवढ्यावर कारवाई टिकेल का? जबरदस्तीने रक्त काढता येईल का?

जबरदस्तीने काहीही करता येणार नाही. श्वासतपासणीची सक्ती करण्याचा अधिकार वाहन कायद्याने पोलिसांना, तोही वाहनचालकाबाबत दिला आहे. मालकाला तो नाही. रक्त काढायचे तर माणसाची लेखी संमती घेऊन, नोंदणीकृत डॉक्टरनेच. त्या वेळी त्वचा स्पिरिटने पुसू नये, पोविडोन आयोडीनने पुसावी. नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या राखाडी टोपीच्या नळीत घ्यावा आणि थंड ठेवावा. स्पिरिटने पुसलेल्या रक्ताच्या अहवालावर वकील पहिला घाव घालतो.

नुसत्या वासाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दारूबंदीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी. तो फौजदारी खटला होता. खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याचे माप तेवढे कडक नसते, तरीही वासावर उभी केलेली चार्जशीट डळमळीतच राहते.

नकाराची सोय धोरणातच करून ठेवा. ‘कारण न देता नकार म्हणजे नियमभंग’ असे स्थायी आदेशांत (कारखान्याच्या नोकरीच्या लेखी नियमांत) किंवा त्यांच्या आधारे काढलेल्या नोटिशीत आधीच हवे. त्यावर हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाची सही घ्या. मजकूर मराठीत असावा, परप्रांतीय मजुरांसाठी हिंदीतही. रात्री कोणी नकार दिला तर भांडू नका. त्याला यंत्रापासून बाजूला करा, वेळ टाका, दोन साक्षीदारांसमोर काय दिसले तेवढेच लिहा. ‘दारूच्या नशेत होता’ असे लिहू नका. ‘पायरी चढताना दोनदा तोल गेला, स्वतःचा टोकन नंबर सांगता आला नाही’ असे लिहा. साक्षीदारांत एक युनियनचा असेल तर उत्तम. नकार देणाऱ्याला त्याच्या मोटारसायकलवर घरी पाठवू नका, कारखान्याच्या गाडीतून सोबत देऊन सोडा. वाटेत अपघात झाला तर तुम्ही तो प्यायला आहे हे जाणत होतात, हे तुमच्याच कागदावर लिहिलेले असते.

प्रश्न : मिरजेत वर्कशॉप सुपरवायझर आहे. एका जुन्या टर्नरचे सकाळी हात थरथरतात, घाम येतो. मशीन मात्र शून्य दाखवते. तो चकवतोय का?

बहुधा चकवत नसावा. त्याला आज कामावर नव्हे, डॉक्टरकडे पाठवा. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की ६ तासांपासून थरथर, घाम, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. तुमच्या तपासणीच्या भीतीनेच त्याने दारू एकदम सोडली असण्याची शक्यता आहे. लेथवर फिट आली तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. रक्तातली साखर उतरली तरी माणूस असाच थरथरतो, म्हणून ग्लुकोमीटर प्रथमोपचार पेटीत ठेवा आणि आधी ते वापरा.

दारू सोडवायची तर औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात हे उपचार मिळतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन विनाशुल्क आहे. स्वतःहून उपचार मागणाऱ्याची नोकरी पहिल्या वेळी सुरक्षित राहील, असे धोरणात लिहा. हे वाक्य नसेल तर लोक लपवतात आणि लपवणारा माणूस यंत्रावर जास्त धोकादायक असतो.

प्रश्न : कुमारी आसव, दशमूलारिष्ट घेणाऱ्याला मशीन पकडते का?

घेतल्या घेतल्या फुंकले तर पकडते. आसव-अरिष्टांत आंबवण्याने तयार झालेले ५ ते १० टक्के अल्कोहोल असते. पण २० मिलिलिटरच्या मात्रेतून जेमतेम दीड ग्रॅम शरीरात जाते. त्याने ६५ किलोच्या माणसाच्या रक्तात ३-४ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. तोंडातली वाफ १५ मिनिटांत जाते. होमिओपॅथीच्या थेंबांचेही तसेच. ‘अरिष्ट घेतले होते’ असे सांगणाऱ्याचा १५ मिनिटांनंतरचा दुसरा आकडा जर ६० आला, तर तो अरिष्टाचा नाही.