रिसीव्हर मुलीला परत द्या

स. न. वि. वि.

भुसावळहून आलेले आपले पत्र मिळाले. उपग्रहांच्या परावर्तित संकेतांवरून हलत्या वस्तू ओळखण्याच्या तंत्राचा आपल्या मुलीला ध्यास लागला आहे आणि बारावीनंतर तिला जळगावातच इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखा घ्यायची आहे. आपला आग्रह पुण्यातील संगणक अभियांत्रिकीचा आहे आणि ‘ती ऐकेपर्यंत’ आपण तिचा जीपीएस रिसीव्हर कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. आपण विचारले आहे गुणांविषयी; मला काळजी वाटते ती या कुलपाची. तीन पानी पत्रात शेजाऱ्यांच्या मुलाच्या पॅकेजचा उल्लेख चारदा येतो, पण गच्चीवर बसून, मालगाडी जाताना संकेताची तीव्रता कशी खालीवर होते याची जी वही मुलीने भरली, तिच्याबद्दल ‘वेळ वाया घालवते’ याहून अधिक काही नाही. ती वही आपण उघडून पाहिलेली नसावी. जे तिने कौतुकाने दाखवायला आणले तेच आपण काढून घेतले, तर पुढचे काही घेऊन ती आपल्याकडे येणार नाही.

‘जीपीएस प्रत्येक मोबाईलमध्ये आले, आता त्यात करण्यासारखे काय उरले?’ हा आपला प्रश्न गैरसमजातून आला आहे. मोबाईल स्वतःची जागा शोधतो. येथे ज्याच्याजवळ कोणतेही यंत्र नाही त्याची हालचाल शोधायची असते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह यात काहीही पाहत नाही, तो केवळ १५७५.४२ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवत राहतो. जमिनीवरचा एक अँटेना तो थेट घेतो, दुसरा गाडीवर आदळून आलेला घेतो आणि दोहोंमधील उशीर व वारंवारतेतील फरक यांवरून गाडीचे अंतर आणि वेग काढतात. मात्र थेट संकेतच गोंगाटाच्या पातळीखाली बुडालेला असतो, परावर्तित त्याहून कितीतरी क्षीण असतो आणि ताशी ६० किलोमीटर वेगामुळे पडणारा फरक फार तर पावणेदोनशे हर्ट्झचा असतो. शिवाय जीपीएसच्या जुन्या नागरी संकेतातील सांकेतिक क्रमाचा एकेक घटक सुमारे २९३ मीटर लांबीचा असल्याने शेजारच्या रुळांवरील दोन गाड्या अंतरावरून वेगळ्या दिसत नाहीत, त्या वेगातील फरकावरूनच ओळखाव्या लागतात. हे सर्व गणित अजून संशोधनाचा विषय आहे, आणि आपली मुलगी नेमकी त्याच्या उंबरठ्यावर उभी आहे.

नेमक्या याच कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी तिलाही स्पष्ट सांगेन. पण यासाठी लागणारे संकेत-प्रक्रियेचे ज्ञान रडार, मोबाईल संपर्क आणि वैद्यकीय उपकरणे या सर्वांत लागते, त्यामुळे तिची निवड मला अविचारी वाटत नाही. गणितातील ७१ गुणांवर मेहनत हवी. प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून होईल. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान संस्थेसाठी जेईई ॲडव्हान्स्ड लागते.

पुण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. आज कपाट उघडून रिसीव्हर तिच्या हाती द्यावा आणि संध्याकाळी वही घेऊन तिच्यासोबत गच्चीवर बसावे. कॅप फेरीचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील महाविद्यालये व शाखा निवडण्याचा, पर्याय-अर्ज तिनेच भरावा. आपण शेजारी असावे, पण माऊस तिच्या हातात असावा.