पोप वाईट की तुर्क?

प्रश्न : सर, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्रज लोक तुर्कांविरुद्ध चर्चमध्ये प्रार्थना करत, असं वाचलं. आणि तीच राणी तुर्कांच्या सुलतानाला पत्रं नि नजराणे पाठवत होती! मग त्यांना इस्लामविषयी नेमकं वाटत काय होतं?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं मत विचाराल, तर इंग्रजांचा तुर्काकडे पाहण्याचा चष्मा पोपशी असलेल्या भांडणातून घडलेला होता. इंग्लंड तेव्हा प्रॉटेस्टंट होतं, म्हणजे कॅथलिकांच्या पोपची सत्ता झुगारलेलं. १५६५ साली तुर्कांनी भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला वेढा घातला, तेव्हा इंग्लंडमध्ये खास प्रार्थना झाल्या. माल्टा लढवणारे सरदार कॅथलिक होते, तरीही! पुढे १५७० मध्ये पोपने राणीलाच बहिष्कृत केलं आणि मुसलमानांना युद्धसामग्री विकू नये हा पोपचा दंडक इंग्रज व्यापाऱ्यांनी गुंडाळून ठेवला. कथील आणि शिसं इस्तंबूलला जाऊ लागलं. त्यात जुन्या चर्चच्या मोडीत निघालेल्या घंटांचा धातूही होता. तोफा ओतायला तो उत्तम. १५७९ च्या पत्रात राणीने सुलतान तिसऱ्या मुरादपुढे स्वतःची ओळख मूर्तिपूजेची वैरी अशी करून दिली. टोला चर्चमध्ये मूर्ती ठेवणाऱ्या कॅथलिकांना होता, हे सुलतानाला कळलं असणारच.

सामान्य माणसाची भीती मात्र वेगळी होती : आपलाच माणूस तिकडे गेला तर? इंग्लंडमधल्या केंटचा समुद्री चाचा जॉन वॉर्ड उत्तर आफ्रिकेतल्या ट्यूनिसला जाऊन मुसलमान झाला. १६१२ मध्ये त्याच्यावरचं नाटक लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात पश्चात्तापाने होरपळून तो आत्महत्या करतो. खरा वॉर्ड तेव्हा ट्यूनिसमध्ये ऐषारामात जगत होता. काही वर्षांनी विल्यम लिथगो हा स्कॉटिश प्रवासी त्याच्याकडे जेवला. संगमरवरी वाडा, भोवती धर्मांतर केलेले इंग्रज सोबती, आणि म्हातारबुवा उंटाच्या शेणाच्या उबेवर कोंबडीची अंडी उबवण्यात दंग! नाटककाराला हे परवडणारं नव्हतं. सुखी धर्मांतरित दाखवून प्रेक्षकांना धडा कसा देणार?

मुसलमानांच्या कैदेत धर्म बदलून, मग सुटून परत येणाऱ्यांचं काय करायचं, हाही प्रश्न होताच. त्यासाठी १६३७ मध्ये इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप लॉड याच्या काळात रीतसर प्रायश्चित्तविधी ठरला. पांढरी चादर पांघरून, हातात पांढरी काठी घेऊन, उघड्या डोक्याने चर्चच्या दाराशी उभं राहायचं. गंमत म्हणजे याच लॉडने आदल्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये अरबीचं अध्यासन सुरू केलं होतं.

त्या काळात इस्लामविषयी आदराने लिहिणारं कुणीच नव्हतं का, असं तुम्ही पुढे विचाराल. होता एक, हेन्री स्टब नावाचा वैद्य. १६७० च्या दशकात त्याने पैगंबरांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. छापण्याचं धाडस कुणी केलं नाही. हस्तलिखिताच्या प्रती मात्र हातोहात फिरत राहिल्या; छापील पुस्तक निघालं ते १९११ साली.