"गोळ्यांमुळेच असं झालं, बंद करू का?"

"मॅडम, ह्या गोळ्या सुरू झाल्या आणि आमचा माणूसच बदलला, थोडे दिवस बंद करून बघू का?" पार्किन्सन्स असो नाहीतर फिट्स, घरात गोळ्या देणारं जे कुणी असतं, म्हणजे बहुतेक वेळा बायको नाहीतर सून, तिच्याकडून हा प्रश्न मला दर महिन्याला येतोच. मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मी आधी पंधरा वर्षं वॉर्डात सिस्टर होते, मग समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि आता नाशिकरोडला बिटकोपासून आतल्या एका गल्लीत बसते. काकू जेलरोडहून रिक्षाने एकट्याच आल्या, अंगावर शाल, हातात कॅरीबॅग. बसल्या आणि काही न बोलता बॅग टेबलावर उलटी केली. सात-आठ पाकिटं निघाली, काही अर्धी वापरलेली, एकाची तर तारीख उलटून गेलेली.

काका प्रेसमधून रिटायर झालेले, वय 72. पाच वर्षांपूर्वी उजवा हात थरथर कापायला लागला, मग चाल हळू झाली, मग पार्किन्सन्स आहे असं कळलं, म्हणजे आपले लोक कंपवात म्हणतात तेच. पहिली काही वर्षं बरी गेली. पण आता दोन-तीन महिन्यांपासून काका रात्री खोलीत लहान पोरं बसलेली दिसतात म्हणायचे. कपाटाशेजारी तीन पोरं आहेत, त्यांना दूध दे, थंडीत बसलीत बिचारी, असं काकूंना उठवून सांगायचे. पुतण्या म्हणाला हे गोळ्यांनी होतंय, ह्या डोक्याच्या गोळ्या असल्याच असतात. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला मीपण नेटवर वाचलं, साइड इफेक्ट लिहिलाय. आणि शेजारच्या बाईंनी सांगितलं की ह्या गोळ्यांची सवय लागते, आत्ताच एवढ्या दिल्या तर पुढे कामच करणार नाहीत.

मग काकू एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "परवापासून रात्रीची देत नाहीये मी."

मी काकूंना समोर बसवूनच त्यांच्या न्यूरो डॉक्टरांना फोन लावला. घाई का केली ते सांगते, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. वॉर्डात असताना पार्किन्सन्सचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनला दाखल झाले होते. उपाशी ठेवायचं म्हणून सगळ्याच गोळ्या थांबल्या, ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, आणि त्या गडबडीत पार्किन्सन्सची गोळी दोन दिवस गेलीच नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्यापण नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चादर बदलायला गेले तर आजोबा लाकडासारखे कडक झालेले, मान वळेना, ताप 104, मला ओळखेनात. आयसीयूत न्यावं लागलं. वाचले ते, पण आधीसारखे कधी चालले नाहीत. हे औषध अचानक बंद झालं की असं होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं, आणि फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर फिटवर फिट येऊ शकते, तेही तितकंच घातक. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी सांगते की पेशंटला कशासाठीही अॅडमिट करा, मोतीबिंदू का असेना, गोळ्यांचं पाकीट आणि वेळा लिहिलेला कागद सिस्टरच्या हातात द्या आणि "ही गोळी चुकवायची नाही, उपाशी ठेवणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा" हे तोंडाने सांगा.

डॉक्टर फोनवर म्हणाले, रात्रीची गोळी आजपासून लिहिल्याप्रमाणे सुरू करा आणि ह्याच आठवड्यात पेशंटला घेऊन या, घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या सोबत आणा. काकू रडायलाच लागल्या. मी मारणार होते का हो त्यांना, म्हणाल्या. मी म्हटलं काकू, पाच वर्षं दिवसातून चार वेळा गोळी दिलीत, त्यांची पँट तुम्ही चढवता, घास तुम्ही भरवता, आणि गोळी कशी द्यायची हे तुम्हाला आजवर कुणी बसवून सांगितलं का? नाही, म्हणाल्या. कागदावर 1-1-1-1 लिहून देतात आणि पुढचा नंबर येतो. ओपीडीत गर्दी असते हे मला मान्य आहे, पण गोळी देणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोललं ना तरी निम्मे गोंधळ होणारच नाहीत असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले, कारण काही गोष्टी सांगून कळत नाहीत, बघाव्या लागतात. सकाळचे सात, काका पलंगावर बसलेले, मान खाली, चेहऱ्यावर काही हलत नाही पण मला बघून "या बसा" म्हणाले, अगदी बारीक आवाजात. काकूंनी मोठा स्टीलचा पेला भरून म्हशीचं दूध आणलं, साय जाडजूड, आणि त्याच्याबरोबर गोळी दिली. रिकाम्या पोटी गोळी नको, अॅसिडिटी होते, म्हणून. पाच वर्षं हेच चाललेलं.

आता इथे थोडं सविस्तर सांगते. काकांची मुख्य गोळी म्हणजे लेव्होडोपा आणि कार्बिडोपा एकत्र, सिंडोपा नावाने अनेकांच्या घरात असते. मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचाल नीट व्हायला लागणारं रसायन, कमी पडलेलं असतं, लेव्होडोपा मेंदूत जाऊन त्याचं डोपामाइन होतं आणि कार्बिडोपा त्याला वाटेतच वाया जाऊ देत नाही. पण आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना लेव्होडोपा त्याच दारातून जातं ज्या दारातून दूध, डाळ, उसळ, अंडं, पनीर ह्यांच्यातलं प्रोटीन जातं, आणि दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून ती साध्या पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर जेवणानंतर तासाभराने. मळमळ होत असेल तर सोबत अर्धं केळं किंवा पोळीचा तुकडा चालतो. प्रोटीन तोडायचं नाही हां, नाहीतर माणूस वाळतो, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायचं. लोहाची गोळी असेल तर तीपण दोन तास लांब.

काकूंच्या घरी काय होत होतं की सातची गोळी दुधात अडकायची, दहाला काका खुर्चीतून उठू शकायचे नाहीत, काकू म्हणायच्या गोळी लागूच होत नाही, खरंच सवय झाली वाटतं. तर ते तसं नाहीये. आजार पुढे सरकतो म्हणून डोस आणि वेळा बदलाव्या लागतात, लवकर घेतली म्हणून गोळीचा जोर संपत नाही.

मग रात्रीची गोळी. ती सीआर होती, म्हणजे हळूहळू विरघळणारी. काकांना गिळायला जड जातं म्हणून काकू ती खलबत्त्यात कुटून मधातून द्यायच्या. प्रेमापोटी सगळं, पण सीआर गोळी कुटली की रात्रभर पुरवून यायचं औषध एकदम सुटतं आणि पहाटेला काहीच उरत नाही. गिळायचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना सांगायचा, दुसरा प्रकार देता येतो. आणि गोळी देताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी थोडी छातीकडे, पाण्याचा लहान घोट, आणि नंतर तोंड उघडून बघायचं. त्या दिवशी मी बघितलं तर काकांच्या गालात गोळी तशीच चिकटलेली, तोंड इतकं कोरडं.

ते कोरडं तोंड बघून मी परत पाकिटांकडे गेले. त्यात पॅसिटेन होती. ट्रायहेक्सीफेनिडिल तिचं औषधी नाव, पहिल्या वर्षी हाताच्या थरथरीसाठी दिलेली. नंतरच्या चिठ्ठीवर ती नव्हती, पण मेडिकलमधून जुनं पाकीट दाखवून दर महिन्याला येत राहिली. तरुण माणसाला ही चालून जाते, पण म्हातारपणी हिने तोंड सुकतं, शौचाला घट्ट होतं, लघवी अडते, आणि माणूस गोंधळतो, भास होतात. भास लेव्होडोपानेही होऊ शकतात आणि आजारानेही, कशाने हे ठरवणं डॉक्टरांचं काम, मी फक्त पाकिटाला लाल पेनाने गोल केला. डॉक्टरांनी बघितल्याबरोबर तीच कमी करायला घेतली, पण तीही एकदम नाही, काही आठवडे उतरवत उतरवत.

पुतण्याने एक सुचवलं होतं की भास होतात तर वेडाच्या डॉक्टरची एखादी गोळी आणू. कृपा करून असं परस्पर काही आणू नका. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं पार्किन्सन्स भयंकर वाढवतात, आणि उलटीसाठी मेडिकलमधून सहज मिळणारं मेटोक्लोप्रामाइडसुद्धा ह्या पेशंटला चालत नाही.

पोरांचं काय करायचं हेपण काकूंनी विचारलं. म्हटलं भांडू नका, तिथे कुणी नाही म्हणून ओरडू नका, आणि खोटं दूधही ठेवू नका. लाइट लावा, हात धरा, सांगा की मला नाही दिसत, पण मी आहे इथे. कपाटाशेजारी खुंटीवर स्वेटर आणि पिशव्या टांगलेल्या होत्या, अंधारात खरंच माणसं बसल्यासारखं दिसायचं, त्या काढल्या आणि रात्रभर एक छोटा दिवा ठेवला. रात्री लघवीला उठताना काका दोनदा पडले होते, कारण ह्या औषधांनी आणि आजारानेही उभं राहिल्यावर बीपी उतरतं. आता पलंगाच्या कडेला बसून पाच वेळा रामकृष्णहरी म्हणायचं आणि मगच उठायचं. काका भजनी मंडळातले, त्यांना हे पटकन जमलं, आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटले की काकू टाळीवर विठ्ठल विठ्ठल म्हणतात, त्या ठेक्यावर पाय सुटतो.

एक शंभर पानी वही केली. गोळीची वेळ, खाण्याची वेळ, आणि समोर फक्त एक शब्द, मोकळे, कडक, चुळबुळ, झोपले. मोबाइलला चार अलार्म, सात, अकरा, तीन, सात, आणि झोपतानाची सीआर वेगळी, कुटायची नाही. ह्या गोळीने लघवी आणि घाम लालसर काळपट होतो, बनियनला डाग पडतात, त्याने घाबरू नका हेपण पहिल्या पानावर लिहून दिलं, काकू गुपचूप त्याचीही काळजी करत होत्या. ती वही बघून डॉक्टरांनी दुपारच्या गोळीची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली. नुसत्या "बरं नाहीये" वर त्यांना तरी काय कळणार होतं.

महिन्याभराने पोरं रोज यायची थांबली. अजून येतात कधीतरी, पण काका आता स्वतःच म्हणतात, आली होती, गेली. कडकपणा आहे, वाईट दिवस आहेत, हा आजार जाणारा नाही आणि मी काकूंना तसं कधी सांगितलंही नाही. पण काका आता दहा वाजता खुर्चीतून स्वतःचे स्वतः उठतात.

परवा काकूंचा फोन आला, एकादशीला ह्यांना उपास धरायचाय, धरू देऊ का? म्हटलं डॉक्टरांनी साखर-बीपीचं काही वेगळं सांगितलं नसेल तर धरू द्या, पण निर्जळी नाही, चारही गोळ्या आणि रात्रीची वेळेवर, साध्या पाण्याबरोबर. साबुदाण्याची खिचडी गोळीनंतर अर्ध्या तासाने द्या आणि कूट जरा हात राखून घाला. दही रात्रीच्या फराळाला.