पापण्यांचं ऑपरेशन, क्लेम आणि फॉर्मवरची ती एक ओळ

तुम्ही लिहिलंय की वरच्या पापण्या डोळ्यांवर उतरायला लागल्यात, डॉक्टर ऑपरेशन सुचवतायत, विमा कंपनीने फोनवरच "हे कॉस्मेटिकमध्ये येतं" (म्हणजे फक्त दिसण्यासाठीचं, विम्यात न बसणारं) म्हणून हात झटकले आणि क्लिनिकवाले लगेच ईएमआयचे कागद पुढे करतायत. वाचून पोटात खड्डाच पडला, कारण सहा वर्षांपूर्वी माझं डिट्टो हेच झालेलं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, विमा एजंट तर मुळीच नाही, आणि प्रत्येक पॉलिसी वेगळी असते. कॉस्मेटिक काय, गरजेचं ऑपरेशन काय, हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल, म्हणून ते सोडते आणि जिथे माझं वाट्टोळं झालं तेवढंच सांगते.

पहिल्या भेटीला रिसेप्शनवर एक फॉर्म देतात. नाव, वय, ॲलर्जी, चालू असलेल्या गोळ्या, आणि खाली एक रेघ, "येण्याचे कारण". मी तिथे लिहिलं, "चेहरा सतत दमलेला दिसतो, फ्रेश दिसायचं आहे." खोटं नव्हतं ते. ऑफिसात रोज कुणीतरी "बरं नाही का?" विचारायचं, त्याचा वैताग डोक्यात होता. पण खरं दुखणं वेगळंच होतं. रात्री वाचताना एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी वर धरलेली, गाडी चालवताना सिग्नल बघायला मान मागे टाकायची, आणि भुवया दिवसभर वर ताणून ताणून संध्याकाळी कपाळ ठणकायचं. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं की तक्रार म्हणून सुचलंच नाही. डॉक्टरांनी माझी ओळ जशीच्या तशी केस पेपरवर उतरवली, तिथून ती डिस्चार्जच्या कागदावर गेली, आणि क्लेम नाकारल्याच्या पत्रात माझंच वाक्य मला अवतरण चिन्हांत परत मिळालं.

आता कृपा करून असं समजू नका की मी थापा मारायला सांगतेय. त्रास नसेल तर लिहू नका, तपासणीत ते उघडं पडतंच. पण असेल तर पहिल्या दिवशी, पहिल्या कागदावर, साध्या शब्दांत लिहा. काय करताना अडतं, किती दिवसांपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त.

दुसरा घोळ त्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कचा. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथला माणूस गोड बोलायचा, "होऊन जाईल मॅडम, सगळ्यांचं होतं." मी मूर्खासारखी विश्वास ठेवून ऑपरेशनची तारीख घेतली. लेखी मंजुरी नव्हती, साधा ईमेलसुद्धा नव्हता. नंतर विचारायला गेले तर तो माणूस त्या डेस्कवर नव्हता आणि नवीन बाई म्हणाल्या, "असं कोणी बोलणारच नाही." संपलं. तेव्हापासून माझा नियम आहे, तोंडी "हो" म्हणजे "नाही"च समजायचं. फोन झाला की लगेच ईमेल टाकायचा, "आत्ता आपलं असं असं बोलणं झालं, चुकत असेल तर कळवा."

विमा कंपनीला खरं तर दोन गोष्टी बघायच्या असतात, मोजमाप आणि फोटो. बुबुळावर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतात. ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं, आणि बऱ्याच ठिकाणी २ किंवा त्याहून कमी असेल तरच फाईल पुढे सरकते. शिवाय व्हिज्युअल फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना वर-खाली, कडेला किती दिसतं त्याची तपासणी. एका मोठ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा टेपने वर चिकटवून. टेप लावल्यावर वरच्या बाजूचे दिवे दिसायला लागले तर पापणी आड येतेय हे कागदावर सिद्ध होतं.

इथे एक बारीक गोम आहे जी मला कुणी सांगितली नाही. टेस्ट नीट करायच्या नादात आपण नकळत भुवया वर ओढतो, सवयच लागलेली असते ना! मग टेपशिवायचा रिपोर्टही छान येतो आणि फरक दिसतच नाही. माझं तेच झालं. कपाळ सैल सोडा, फोटो काढतानाही. आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधीच, नंतर पापणी वर गेलेली असते, मग अपिलात दाखवणार काय कपाळ? (मी अपील केलं होतं, नवा पुरावाच नव्हता, फेटाळलं. मुदत पत्रातच बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती आधी शोधा.)

बिलाबद्दल एकच. खालच्या पापणीच्या पिशव्या "आता टेबलावर आहातच तर" म्हणून सोबत करून घ्यायचा मोह होतो. खालचं जवळजवळ नेहमी कॉस्मेटिकच धरतात, आणि दोन्हीचं मिळून एकच पॅकेज बिल बनलं की वरचं पण बुडतं. करायचंच असेल तर खर्च वेगळा, पावती वेगळी.

आता ईएमआय. माझं मत तिखट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. क्लिनिकच्या टेबलावर, डोळ्यांवर मार्करच्या रेघा असताना, कर्जाच्या कागदावर सही करू नये. मी केली. "फक्त १२ टक्के" म्हणाले, पण तो फ्लॅट रेट होता, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. दोन वर्षांच्या कर्जात फ्लॅट १२ म्हणजे नेहमीच्या कर्जाच्या हिशोबाने साधारण साडेएकवीस टक्के पडतात, हे मला नंतर भाच्याने एक्सेलमध्ये मांडून दाखवलं तेव्हा कळलं. बिनव्याजी योजना असेल तर प्रोसेसिंग फी विचारा, आणि हेही विचारा की ठरलेल्या मुदतीत पूर्ण फिटलं नाही तर व्याज कुठल्या दिवसापासून लावतात. काही योजनांत ते थेट पहिल्या दिवसापासून लावतात. पैसे क्लिनिकला आधीच जातात, त्यामुळे तारीख रद्द केली तरी ते परत येईपर्यंत हप्ते तुमच्याच डोक्यावर. भूलतज्ज्ञाची फी, तपासण्या, औषधं धरलीत का तेही बघा, माझ्यात नव्हती. आणि एक पापणी दुसरीपेक्षा किंचित वर राहिली म्हणून पुन्हा शिवायची वेळ आली तर त्याचे पैसे कोणाचे, हे लेखी घ्या. कॉस्मेटिक ठरलेल्या ऑपरेशनमधून पुढे काही बिघडलं तर त्याचा खर्चही बऱ्याच पॉलिसी देत नाहीत.

जाता जाता, डोळे आधीपासून कोरडे पडत असतील तर डॉक्टरांना आत्ताच सांगा, ऑपरेशननंतर ते वाढू शकतं. मी महिनाभर दर दोन तासांनी ड्रॉप्स घालत बसले होते.

तुमच्या केस पेपरवर "येण्याचे कारण" काय लिहिलंय ते आजच मागून बघा. अपुरं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळा त्रास सांगून त्या तारखेची नवीन नोंद करायला सांगा, जुन्या कागदावर खाडाखोड नको. फील्ड टेस्टचा रिपोर्ट आला की कळवा, माझा जुना काढून ठेवते, दोन्ही शेजारी ठेवून बघू.