कोको बटरवर पांढरे ठिपके आलेत, फेकून द्यावं का? आणि कोकणात ते ठेवायचं कसं?

फेकू नका, आधी हुंगून बघा.

कुरिअरने देवगडला येईपर्यंत तुमचं कोको बटर मऊ झालं, मग परत घट्ट झालं आणि आता वर पांढुरके ठिपके आहेत, बोटाला रवाळ लागतंय, असं तुम्ही लिहिलंय. हा नासका माल नव्हे. कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांची चरबी, ती साधारण ३४ ते ३६ अंशांना वितळते. मे महिन्यात बंद गाडीत त्याचं पाणी होणारच. नंतर ते सावकाश गोठलं की त्यातल्या चरबीचे जाडसर स्फटिक होतात, तोच हा रवा. गरम पाण्यावर भांडं ठेवून पूर्ण वितळवा आणि साच्यात ओतून चटकन गार करा, रवा मोडेल. फक्त पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका. चॉकलेट करणार असाल तर टेंपरिंग (ठरावीक तापमानांवर गरम-गार करून चरबी नीट घट्ट करणं) वेगळं करावं लागेलच.

मी मालवणात घरीच लिप बाम आणि क्रीम करून विकते. माल चांगला की वाईट, हे मी नाकानेच ठरवते. थंड तुकड्याला नाक लावून काही कळत नाही. नखाने थोडं खरवडा, तळहातावर चोळून वितळू द्या आणि मग वास घ्या. कोको बटरला चॉकलेटचा मंद वास येतो. जुन्या तळणीच्या तेलासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला, कणभर जिभेवर ठेवल्यावर घशात खवखवलं, तर ते खवट झालंय. पाकिटावर ‘डिओडोराइज्ड’ असेल तर त्याला मुळात वास जवळजवळ नसतोच, त्यामुळे कसलाही वास आला तरी संशय घ्या. रंगावर फार जाऊ नका. मात्र लव असलेली बुरशी दिसली तर खरवडून वापरत बसू नका, सगळं टाका. शुद्ध चरबीत पाणी नसतं, म्हणून बुरशी सहसा धरत नाही. धरली म्हणजे ओल आत शिरलीय.

आपल्याकडे खरी भानगड ओलीची आणि मासळीच्या वासाची. फ्रीजमध्ये सुकट, सोडे असतील आणि कोको बटर नुसतं पिशवीत गुंडाळलेलं असेल तर तुमच्या क्रीमला बाजाराचा वास येणार. चरबी वास ओढून घेते आणि तो काही केल्या जात नाही. म्हणून लहान तुकडे करा, बटर पेपरात घट्ट गुंडाळा, वर फॉइल, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा जवळजवळ भरलेला असू दे, आत हवा कमी राहते. तांब्या-पितळेचं भांडं नको, त्याने चरबी लवकर खवटते. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. घरातल्या हवेइतका होऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात तुकड्यावर दव धरतं. लागेल तेवढाच तुकडा बाहेर काढा.

मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, फडताळात वर्षभर राहतं म्हणून हेही राहील, असं धरू नका. ते जास्त तापमानाला वितळतं, मेमध्येही दगडासारखं राहतं. कोको बटर तिथे रोज दुपारी मऊ पडेल आणि रात्री घट्ट होईल. कौलाखालचा माळा तर नकोच.

आणि एकदा खवट झालेलं वितळवून, गाळून, सुगंधी तेल घालून सुधारत नाही. व्हिटॅमिन ई घालायचं तर ताज्या मालात घाला, त्याने खवटपणा लांबतो, आलेला जात नाही.